साइड इफेक्टचा अभ्यास करायचाय ना, मग आधी घरातला फोन नंबर लिहून घे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "एमडी फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजात. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमधे इम्युनोथेरपीचे साइड इफेक्ट हा विषय थिसिसला घ्यायचा विचार आहे, पण पेशंट मोजकेच मिळणार, गाईड म्हणतात केमोवर कर, नंबर तरी होतील. इथं बसून हा अभ्यास होतो का? आणि करायचाच तर नेमकं काय बघू?"

होतो, आणि माझं विचारशील तर इथंच व्हायला पाहिजे. मी बरीच वर्षं कॅन्सरचेच पेशंट बघतोय, सुरुवातीची मुंबईत आणि बाकी सगळी इकडंच, त्यामुळं जे चुकलं त्यातनंच जास्त सांगणार आहे. आणि एकेरीत बोलतो हां, आमच्या रेसिडेंट पोरांशी बोलून बोलून सवय लागलीय.

केमोचे त्रास तारीख सांगून येतात. उलटी पहिल्या दोन-चार दिवसात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास पडणार, केस दोन-तीन आठवड्यांनी जाणार, पुढच्या सायकलला परत तेच. इम्युनोथेरपीचं तसं नाही. आपल्या टी-सेलला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींना, ब्रेक असतात, सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यातले दोन, ही औषधं ते ब्रेक काढतात. वेसण काढल्यावर बैल फक्त आपल्याच रानात चरेल असं कोण सांगणार? तो शेजारच्या रानात घुसतो, म्हणजे थायरॉइडमधे, आतड्यात, कातडीत, लिव्हरमधे, फुफ्फुसात, क्वचित हृदयात सुद्धा. या औषधांपैकी इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मधे परवानगी मिळाली, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅबला २०१४ मधे, आणि हे ब्रेक काढून कॅन्सरवर इलाज करायची वाट ज्यांनी शोधली त्या अॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल. म्हणजे हे सगळं तसं अलीकडचं आहे, आणि त्यातली बहुतेक माहिती ज्या ट्रायलमधून आली त्यात ज्यांना आधीचा ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) आहे, जे अंथरुणाला खिळलेत, असे पेशंट सहसा घेतलेच नव्हते. आपल्याकडं येतात ते नेमके असेच.

आता मुद्दा. इंजेक्शनच्या खुर्चीत यातलं काहीच दिसत नाही. अर्ध्या तासाचं सलाईन, माणूस उठून चहा पितो आणि एसटी पकडून गावाला जातो. खाज, पुरळ दोन-तीन आठवड्यांनी. जुलाब पाच-सहा आठवड्यांनंतर कधीतरी. थायरॉइड, पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) त्याच्याही नंतर, आणि काही वेळा औषध बंद करून महिने झाल्यावर. हे सगळं घडतं ते आष्टीत, मुखेडमधे, औंढ्यात, गावच्या डॉक्टरसमोर, ज्याला हे औषध काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. तीन आठवड्यांनी पेशंट ओपीडीत आला की आपण विचारतो "काय त्रास?" तो म्हणतो "काही नाही साहेब, बरंय", कारण तोवर जुलाब थांबलेले असतात किंवा त्याला भीती असते की सांगितलं तर औषध बंद करतील. म्हणून तुझा अभ्यास हा दोन भेटींच्या मधल्या दिवसांचा अभ्यास आहे. तिथं पोचलास तर थिसिस, नाहीतर नुसतं केसपेपरवरनं उतरवणं.

म्हणून पहिली गोष्ट फोन नंबर. हसू नको. केसपेपरवर जो नंबर असतो तो निम्म्या वेळा मुलाचा, आणि मुलगा असतो पुण्याला, चाकणला कंपनीत. त्याला विचारलं "वडिलांना दिवसात किती वेळा संडासला जावं लागतं" तर तो काय सांगणार? तो म्हणतो "ठीक आहेत सर". घरात जो स्वयंपाक करतो त्याचा नंबर घे, सूनबाईचा, बायकोचा, नसेल तर शेजाऱ्याचा, आणि आशाताईचा घेतलास तर सोन्याहून पिवळं. बीडकडचे पेशंट असतील तर अजून एक: दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला अर्धं गाव जातं, घरात म्हातारा आणि नातवंडं राहतात, किंवा म्हाताराही टोळीबरोबर जातो. त्या चार-पाच महिन्यात फॉलोअप तुटतो, आणि तुटतो तो सगळ्यांचा सारखा नाही, गरिबांचाच तुटतो. हे तुझ्या थिसिसमधे लिही, लपवू नको. किती जण, कोणत्या महिन्यात, कशामुळं हाताबाहेर गेले हेसुद्धा उत्तरच आहे.

एक माझीच चूक सांगतो. केज तालुक्याकडचे एक काका, साठीचे, फुफ्फुसाचा कॅन्सर, पेम्ब्रोलिझुमॅबवर छान चाललेलं, गाठ कमी झालेली. मे महिना. आमच्या माणसाने फोनवर विचारलं "थकवा आहे का?" घरचे म्हणाले "आहे, उन्हाळा आहे ना". फॉर्मवर गेलं: थकवा, ग्रेड २ (ग्रेड म्हणजे त्रास किती गंभीर त्याचा आकडा). मी सही केली. इकडं काकांना जेवू वाटंना, उठलं की डोळ्यापुढं अंधारी, गावात सगळे म्हणाले ऊन लागलं. डॉक्टरनी दोन बाटल्या सलाईन लावलं, एक दिवस बरं वाटलं, परत तेच. परत सलाईन, परत एक दिवस बरं. तिसऱ्या वेळी आमच्याकडं आणलं तेव्हा बीपी मशीनवर धड येईना, सोडियम ११८, आणि कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळपास शून्य. पिट्युटरीचा एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारा हार्मोन, बंद पडला होता. हायड्रोकॉर्टिसोन दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून भांडले. सलाईनने तात्पुरतं बरं वाटणार हे खरंच होतं, त्यामुळंच निदान लांबलं. माझ्या फॉर्मवर मात्र तो "थकवा" राहिला असता, ग्रेड २, आणि टेबलात बाकीच्या थकव्यांबरोबर मिसळून गेला असता. तेव्हापासून आमच्याकडं "थकवा आहे का" हा प्रश्नच नाही. "मागच्या आठवड्यात जी कामं करत होता त्यातलं आता कोणतं होत नाही? उठल्यावर चक्कर येते का? जेवण निम्म्यावर आलंय का? कुठं सलाईन लावलं का, किती बाटल्या?" असं विचारतो.

जुलाबाचंही तसंच. सीटीसीएई, म्हणजे कॅन्सरच्या औषधांचे त्रास मोजायची ठरलेली यादी, तिची ग्रेड नेहमीच्या सवयीपेक्षा किती जास्त यावर ठरते: रोजच्यापेक्षा चारपेक्षा कमी वाढ असेल तर १, चार ते सहा जास्त म्हणजे २, सात किंवा वर म्हणजे ३. म्हणजे औषध सुरू होण्याआधी माणूस दिवसात किती वेळा जात होता हे लिहिलं नसेल तर पुढची सगळी ग्रेड अंदाजपंचे. आणि शब्द त्याचे वापर. "डायरिया" म्हणून उपयोग नाही, "जुलाब" म्हटलं तरी काहींच्या डोक्यात फक्त पाण्यासारखं येतं. "ढाळ लागली का, परसाकडं किती वेळा, रात्रीतून उठावं लागतं का, शेंब किंवा रक्त पडतं का." रात्रीतून उठावं लागतं का हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. आखाडात मटण खाल्लं म्हणून झालेले जुलाब दोन-तीन दिवसात थांबतात, कोलायटिसचे (आतड्याच्या सुजेचे) थांबत नाहीत, आणि गावात कुणी लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, देऊन ते झाकले तर आतडं फाटेपर्यंत कळत नाही. स्टेरॉइड सुरू करण्याआधी इन्फेक्शनसाठी संडासची तपासणी मात्र पाठवायचीच.

बेसलाइन, म्हणजे औषध सुरू होण्याआधीची स्थिती, हा शब्द भिंतीवर लिहून ठेव. पहिल्या डोसआधी थायरॉइडचे टीएसएच आणि टी-४, शुगर आणि एचबीए१सी, लिव्हर, क्रिएटिनिन, ईसीजी, जमलं तर ट्रोपोनिन आणि सीपीके (हृदयाला, स्नायूंना इजा झालीय का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या), हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा सीटी. आणि सकाळचं कॉर्टिसॉल. आता सकाळचं म्हणजे आठ-नऊचं, आणि आपला पेशंट अहमदपूरहून पहिल्या एसटीने निघून बाराला पोचतो. मग बाराच्या सँपलवर "कॉर्टिसॉल कमी" लिहून मोकळं व्हायचं नाही, सँपल किती वाजता काढलं ते लिहायचं. सोबत केमो चालू असेल तर आदल्या दिवशी डेक्सा (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) दिलंय का तेही.

डेक्सावरून आठवलं, हा आपल्याकडचा खास घोळ आहे आणि परदेशातल्या पेपरमधे तुला सापडणार नाही. गावात अंग दुखलं, खाज आली, दम लागला, कशालाही एक सुई मारतात आणि त्यात बऱ्याचदा डेक्सा असतं. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या "ताकदीच्या" गोळ्यांच्या पुड्यांतही असतं. इम्युनोथेरपीच्या बहुतेक साइड इफेक्टवरचा इलाज स्टेरॉइडच आहे, गंभीर असेल तर प्रेडनिसोलोन किलोला १ ते २ मिलिग्रॅम आणि मग चार-सहा आठवड्यात हळूहळू कमी. आता अर्धवट डोस दोन दिवस पडला की न्यूमोनायटिस (इन्फेक्शनशिवायची फुफ्फुसाची सूज) दबतो, परत उसळतो, परत सुई. तुझ्या नोंदीत तो "आपोआप बरा झाला" असा जाणार. म्हणून प्रत्येक फोनला एक ठरलेला प्रश्न: "मधे कुठं सुई मारली का, पुडी घेतली का?" रागवायचं नाही. एकदा रागावलास की पुढच्या वेळी "नाही" असंच उत्तर येणार.

दम आणि खोकला म्हणजे तर परीक्षाच. फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या माणसाला खोकला वाढला: कॅन्सर वाढला, टीबी निघाला, साधा न्यूमोनिया, का औषधामुळं न्यूमोनायटिस? आपल्याकडं टीबी कायम डोक्यात ठेवायला लागतो, या औषधांवर असताना झोपलेला टीबी जागा झाल्याचे रिपोर्टही आहेत. आणि टीबीला न्यूमोनायटिस समजून नुसतं स्टेरॉइड दिलं तर वाट लागते. थुंकी, सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी), सीटी, शक्य असेल तिथं ब्रॉन्कोस्कोपी. थिसिसमधे प्रत्येक न्यूमोनायटिसपुढं "टीबी कशाने नाकारला" असा एक कॉलम टाक, परीक्षक तिथंच बोट ठेवणार.

आता तुझ्या फार्माकॉलॉजीच्या लोकांची आवडती गोष्ट, नारान्जो स्केल, म्हणजे त्रास खरंच औषधामुळं झाला का ते गुण देऊन ठरवायची पद्धत. १९८१ ची, दहा प्रश्न. त्यातला एक प्रश्न, औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का? अरे, निवोलुमॅबची हाफलाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, २५ दिवसांच्या आसपास, आणि टी-सेलवर चिकटलेलं औषध त्याहून जास्त, दोन महिन्यांपुढं टिकतं. थांबवून दोन आठवड्यात काय कमी होणार? दुसरा प्रश्न, परत दिल्यावर परत आला का? मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) झालेल्या माणसाला परत कोण देणार? प्लासिबोचा प्रश्न, रक्तातल्या लेव्हलचा प्रश्न, सगळे गैरलागू. म्हणून नारान्जोवर स्कोअर कमी येतो आणि खरा साइड इफेक्ट "पॉसिबल" म्हणून पडून राहतो. कॉलेज मागतं म्हणून नारान्जो भर, पण सोबत डब्ल्यूएचओ-यूएमसी (हेच ठरवायची डब्ल्यूएचओची पद्धत) हीही लाव, आणि ऑन्कोलॉजिस्टचं मत वेगळ्या कॉलममधे घे. दोघांचं कुठं जुळत नाही हे मोजलंस तर तोच एक चॅप्टर होईल.

नंबरचं टेन्शन घेऊ नको, पण नंबरबद्दल खोटंही बोलू नको. दीड वर्षात तुला ४० पेशंट मिळाले आणि एकालाही मायोकार्डायटिस झाला नाही, तर "आमच्या भागात होत नाही" असं लिहायचं नाही. साधा तीनचा नियम आहे, शून्य घटना असतील तर ३ भागिले ४०, म्हणजे ७.५ टक्क्यांपर्यंतचं प्रमाण तुझ्या आकड्याशी सुसंगत आहे. आणि मायोकार्डायटिस साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. तरी तो शोधायचाच, कारण डब्ल्यूएचओच्या डेटाबेसवरून २०१८ मधे जो मोठा अभ्यास आला त्यात नोंदलेल्या १३१ मायोकार्डायटिसपैकी ५२ जण गेले, सगळ्यात जास्त मृत्यूदर त्याचाच. आणि तो बऱ्याचदा एकटा येत नाही, बाकीच्या स्नायूंचा त्रासही सोबत असतो. पापण्या जड, मान धरवत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात असं कुणी म्हणालं की त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन, पुढच्या सोमवारी नाही.

आकड्यांची तुलना करताना औषध कोणतं ते बघ. मेलानोमाच्या (कातडीचा एक कॅन्सर) चेकमेट ०६७ ट्रायलमधे औषधामुळं झालेले ग्रेड ३-४ चे त्रास एकट्या निवोलुमॅबला १६ टक्क्यांच्या आसपास, एकट्या इपिलिमुमॅबला २७, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ५५. म्हणजे "इम्युनोथेरपीचे साइड इफेक्ट इतके टक्के" असं एकच वाक्य लिहिलं की ते चूकच.

आपल्याकडं तर वेगळंच चित्र. तंबाखू, गुटखा, त्यामुळं तोंडाचे कॅन्सर भरपूर, आणि पूर्ण डोस परवडणारे फार थोडे. टाटाच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिब-एर्लोटिनिबच्या गोळ्यांबरोबर देऊन बघितलं, १५१ पेशंट. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, आणि ग्रेड ३ वरचे त्रास गोळ्यांच्या गटात ५० टक्के तर निवोलुमॅब जोडलेल्या गटात ४६.१, म्हणजे काही वाढले नाहीत. इथं तुझ्यासाठी दोन अडचणी. पुरळ आलं तर ते एर्लोटिनिबचं का निवोलुमॅबचं? तोंड आलं तर मेथोट्रेक्सेटचं का? सगळं इम्युनोथेरपीच्या नावावर टाकू नको, संशयित औषधं सगळी लिही. दुसरं, ४० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, दोघात वाटली जाते, पेशंट सोबत येतात, जोडी जमली की इंजेक्शन. त्यात बॅच नंबर कुणाच्या पेपरवर लिहिला जात नाही. तू डे-केअरच्या सिस्टरना गोडीत सांगून व्हायलचं स्टिकर दोन्ही फाइलला लावायची, म्हणजे एकीला स्टिकर आणि दुसरीला हाताने नंबर, अशी पद्धत पाड. चहा पाजावा लागला तरी पाज.

थायरॉइडचं एक मोजायचं गणित. आधी ग्रंथी सुजून हार्मोन सांडतं, टीएसएच खाली, छातीत धडधड, वजन उतरतं. मग काही आठवड्यात तीच ग्रंथी थंड पडते, टीएसएच वर, जन्मभर थायरॉक्सिन. हे एकाच माणसाचं एकच प्रकरण, पण दोन भेटीत दोन रेसिडेंटनी लिहिलं की टेबलात हायपर एक आणि हायपो एक असे दोन साइड इफेक्ट होतात. कसं मोजणार ते आधीच प्रोटोकॉलमधे ठरव. आणि ग्रेड २ म्हणून त्याला हलकं समजू नको, रोज उपाशीपोटी गोळी, आयुष्यभर. ग्रेडमधे "किती दिवस" हा हिशोबच नाही. (थायरॉक्सिन सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल बघायचं, कमी असेल तर आधी स्टेरॉइड. काकांच्या बाबतीत निदान हे तरी चुकलं नाही.)

अजून एक सापळा. तुला दिसेल की ज्यांना साइड इफेक्ट आला ते जास्त जगले, आणि लगेच लिहावंसं वाटेल की साइड इफेक्ट म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. काही अंशी तसं असेलही. पण जो बाजारात संध्याकाळपर्यंत थांबला त्याला ओळखीची माणसं जास्त भेटणारच. जो दुसऱ्या महिन्यात गेला त्याला थायरॉइड व्हायला वेळच मिळाला नाही. म्हणून एक तारीख ठरव, समज तीन महिने, त्या दिवशी जे हयात आहेत त्यांच्यातच तुलना कर. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना "लँडमार्क अॅनालिसिस" म्हणालास की त्या समजतील.

औषध का बंद झालं, हाही कॉलम नीट ठेव. आपल्याकडं निम्मे जण पैशामुळं थांबतात, रान विकून सुद्धा पुढचे डोस जमत नाहीत, आणि फाइलवर लिहिलेलं असतं "पेशंट आला नाही" किंवा त्याहून वाईट, "टॉक्सिसिटी", म्हणजे औषधाचा त्रास.

कागदपत्रांचं थोडक्यात. एथिक्स कमिटी, मराठीतला संमतीपत्राचा कागद (वाचून दाखवायचा, नुसता अंगठा घ्यायचा नाही), सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंद. आणि तुमच्याच डिपार्टमेंटमधे बहुतेक एडीआर (औषधाचा साइड इफेक्ट) मॉनिटरिंग सेंटर असेल, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅमचं, म्हणजे औषधांच्या त्रासावर लक्ष ठेवायच्या देशपातळीच्या कार्यक्रमाचं, जो २०१० पासून चालू आहे आणि गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. तिथला संशयित एडीआरचा फॉर्म प्रत्येक केसला भर, थिसिसमधे घेतली नाहीस तरी भर. गावच्या डॉक्टरला फॉर्म जमणार नाही, त्याला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर दे. आणि पेशंटच्या खिशात एक जाड कागदाचं कार्ड: "मला इम्युनोथेरपी चालू आहे, जुलाब, दम, अशक्तपणा, डोळे जड झाले तर आधी या नंबरला फोन करा." मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन करून. वीस रुपयांचं काम आहे.

इथला ग्रामीण डेटा कोण विचारतो असं कुणी म्हणालं तर बार्शीचं नाव सांग. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री १९८७ मधे तिथं सुरू झाली, आणि त्यात आपले भूम आणि परंडाही येतात. तिथल्या लोकांनी पेशंट दवाखान्यात यायची वाट बघितली नाही, गावोगाव फिरून शोधले.

गाईडशी आत्ताच वाद घालू नको. पहिले आठ-दहा पेशंट नुसते पायलट म्हणून घे, दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्याला स्वतः फोन कर, ओपीडीच्या केसपेपरवर काय लिहिलंय आणि फोनवर काय कळलं हे शेजारी-शेजारी दोन कॉलममधे मांड आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडं जा. फोन संध्याकाळी सातनंतर कर, दिवसा सगळे रानात असतात.